‘चार्ज’चा नेमका अर्थ कसा ओळखावा: एका रोजच्या इंग्रजी शब्दाची उकल

मोबाईल चार्ज झाला का? डिलिव्हरी चार्ज किती लावला? नव्या साहेबांनी चार्ज घेतला म्हणे. मोर्चावर लाठीचार्ज झाला. पोलिसांनी चार्जशीट दाखल केली. मराठी घरात हा शब्द दिवसभर या ना त्या रूपात कानावर पडतो आणि बोलताना कोणीही अडखळत नाही. अडचण येते ती इंग्रजी वाचताना, लिहिताना आणि भाषांतर करताना. परदेशातल्या बातमीत एखाद्याला ‘चार्ज’ केले असे आले की मराठीत ‘दोषी ठरवले’ असे उतरते. खरेदीखताच्या मसुद्यात ‘फ्री फ्रॉम ऑल चार्जेस’ दिसले की वाचणाऱ्याला वाटते, आपल्याला कसलेच शुल्क पडणार नाही. दोन्ही चुका महागात पडतात.

शब्दकोश उघडला तर या शब्दाखाली अर्थांची मोठी रांग दिसते. ती पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका, कारण ती लक्षात राहत नाही. त्यापेक्षा मुळातला एक अर्थ पक्का करावा आणि मग वाक्यातल्या खुणा वाचायला शिकावे. मी इंग्रजी शिकवताना आणि भाषांतरे तपासताना हीच पद्धत वापरतो.

पायरी १: मूळ अर्थ पक्का करा

लॅटिनमध्ये ‘कॅरस’ म्हणजे माल वाहणारी चाकांची गाडी. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कॅरिकारे’ हे क्रियापद झाले, म्हणजे गाडीवर माल लादणे. ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले आणि ‘चार्ज’ झाले. ‘कार’, ‘कॅरी’ आणि जहाजावरचा ‘कार्गो’ ही त्याचीच भावंडे. ‘कॅरिकेचर’सुद्धा याच घरातले: चेहऱ्याच्या एखाद्या वैशिष्ट्यावर जास्तीचा भार टाकून काढलेले अर्कचित्र.

मूळ अर्थ एवढाच, ओझे लादणे. बंदुकीत दारू भरली की ती ‘चार्ज’ झाली. माणसावर काम टाकले, वस्तूवर किंमत लावली, संशयितावर गुन्हा ठेवला, जमिनीवर कर्ज चढवले, बॅटरीत वीज भरली, सगळीकडे तीच क्रिया आहे. म्हणून कोणतेही वाक्य समोर आले की पहिला प्रश्न हाच विचारायचा: कोणावर, काय लादले आहे?

मराठीनेही नेमकी हीच वाट धरलेली आहे. अधिकारी ‘कार्यभार’ किंवा ‘पदभार’ स्वीकारतो. मुख्याध्यापकाची जागा रिकामी असेल तर ‘प्रभारी’ मुख्याध्यापक नेमतात. सरचार्ज म्हणजे ‘अधिभार’. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ‘विद्युतप्रभार’ असतो. ‘चार्ज्ड ॲटमॉस्फिअर’ला आपण सहज ‘भारलेले वातावरण’ म्हणतो. ‘आरोप’ या संस्कृत शब्दाचाही मूळ अर्थ वर चढवणे, वर ठेवणे असाच आहे. विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून सांगतो, कारण एकदा ‘भार’ डोळ्यांसमोर आला की निम्म्याहून अधिक अर्थ आपोआप उलगडतात.

यातला सर्वांत जवळचा शब्द मात्र शेतकऱ्याच्या घरात सापडतो: सातबाऱ्यावरचा ‘बोजा’. विकास सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज घेतले की फेरफार होऊन सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्ज देणाऱ्याचे नाव आणि रक्कम येते. त्यालाच आपण ‘बोजा चढला’ म्हणतो. कर्ज फिटल्यावर बँकेकडून कर्ज नील झाल्याचा दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज करायचा आणि ‘बोजा कमी’ करून घ्यायचा. इंग्रजी कायद्याच्या भाषेत हाच ‘चार्ज’. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधल्या कलम १०० मध्ये त्याची व्याख्या आहे. कंपनी अधिनियम, २०१३ नुसार कंपनीने आपल्या मालमत्तेवर ‘चार्ज’ निर्माण केला, तर त्याची नोंद ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे करावी लागते. तेव्हा खरेदीखतातल्या ‘फ्री फ्रॉम ऑल चार्जेस’चे मराठी ‘सर्व बोजांपासून मुक्त’ असे होते. फ्लॅट किंवा जमीन घेणाऱ्याने हा शब्द वाचला की सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून बोजाची नोंद पाहावी. शुल्काचा इथे काही संबंध नाही.

पायरी २: पाठीमागचा छोटा शब्द पाहा

इंग्रजीत क्रियापदाला चिकटून येणारे छोटे शब्द अर्थ ठरवतात. ‘चार्ज’च्या बाबतीत ही खूण फार भरवशाची आहे.

‘फॉर’ आला की पैसे. ‘दे चार्ज फॉर पार्किंग’ म्हणजे ते पार्किंगचे पैसे घेतात.

‘टू’ आला की बहुधा खाते. हॉटेलात ‘चार्ज इट टू माय रूम’ म्हटले की जेवणाची रक्कम खोलीच्या बिलात टाका, असा अर्थ होतो. खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा तेही याच शब्दाने सांगतात.

‘ॲट’ किंवा ‘इन्टू’ आला की धावून जाणे. रानडुक्कर माणसावर धावले, बैल बिथरून गर्दीत घुसला, अशी वाक्ये इथे बसतात.

‘विथ’ मात्र नीट पाहावा लागतो, कारण त्यात चार अर्थ आहेत. पुढे गुन्ह्याचे नाव असेल तर आरोप: ‘चार्ज्ड विथ थेफ्ट’, चोरीचा आरोप. पुढे काम असेल तर जबाबदारी: ‘द कमिटी वॉज चार्ज्ड विथ ड्राफ्टिंग द रूल्स’, समितीकडे नियमांचा मसुदा करण्याचे काम सोपवले. पुढे भावना असेल तर भारलेपण: ‘चार्ज्ड विथ इमोशन’. आणि पुढे पदार्थ असेल तर भरणे: सिलिंडर वायूने भरला. थोडक्यात, ‘विथ’ दिसला की घाई न करता त्याच्या पुढचा शब्द वाचायचा.

इथेच एक व्याकरणाची गोष्ट पक्की करून घ्या. ‘अक्यूज’च्या पुढे ‘ऑफ’ येतो, ‘चार्ज’च्या पुढे ‘विथ’. परीक्षेत ‘चार्ज्ड ऑफ मर्डर’ लिहून गुण घालवणारी मुले दरवर्षी दिसतात.

पायरी ३: पैशांचा अर्थ असेल तर नेमका मराठी शब्द शोधा

पैशांच्या अर्थाने ‘चार्ज’ म्हणजे सेवेबद्दल लावलेली रक्कम. डॉक्टर, वकील, शाळा यांची ‘फी’, बस-रेल्वेचे ‘फेअर’, नियम मोडल्याचा ‘फाइन’ आणि सरकारचा ‘टॅक्स’ हे त्याच्यापासून वेगळे. मराठीत अनुक्रमे फी किंवा शुल्क, भाडे, दंड आणि कर. सगळ्यांना सरसकट ‘शुल्क’ म्हणण्याची सवय कार्यालयीन मराठीला लागली आहे आणि ती वाचणाऱ्याचा गोंधळ वाढवते.

यासाठी महावितरणचे वीजबिल समोर घेऊन बसा. त्यात ‘स्थिर आकार’ आहे, ‘वीज आकार’ आहे, ‘वहन आकार’ आहे, ‘इंधन समायोजन आकार’ आहे. इंग्रजी रकान्यात हे अनुक्रमे फिक्स्ड चार्ज, एनर्जी चार्ज, व्हीलिंग चार्ज आणि फ्युएल ॲडजस्टमेंट चार्ज. म्हणजे ‘चार्ज’ला ‘आकार’ हा अगदी नेमका मराठी शब्द इथे वापरलेला आहे. त्याच बिलात ‘वीज शुल्क’ ही वेगळी ओळ असते; ती ‘इलेक्ट्रिसिटी ड्यूटी’, म्हणजे राज्य सरकारकडे जाणारी रक्कम. ‘आकार’ आणि ‘शुल्क’ हा भेद सांभाळलेला असल्यामुळे हे बिल भाषांतर करणाऱ्यांनी जपून ठेवण्यासारखे आहे.

बोलताना आणि लिहिताना या काही गोष्टी सांभाळा. किंमत विचारायची तर ‘हाऊ मच डू यू चार्ज?’ हे साधे आणि बरोबर. ‘हाऊ मच इज युअर चार्जेस?’ चुकते, कारण ‘चार्जेस’ अनेकवचनी आहे आणि ‘इज’ एकवचनी. कोणी आपल्याकडून २०० रुपये घेतले हे सांगताना ‘दे चार्ज्ड मी टू हंड्रेड रुपीज’ म्हणावे. मध्ये ‘टू’ किंवा ‘फ्रॉम’ हा शब्दयोगी घालू नये. जास्त घेतले तर ‘ओव्हरचार्ज्ड’. फुकट असेल तर ‘फ्री ऑफ चार्ज’, आणि इथे ‘चार्ज’ नेहमी एकवचनीच राहतो.

पायरी ४: पदाचा अर्थ, आणि भारतीय इंग्रजीची खास वळणे

सरकारी कार्यालयांतले ‘चार्ज देणे-घेणे’ आपल्याकडे इतके रुळले आहे की ते जगभर समजत असेल असे वाटते. भारतात ‘ही टूक ओव्हर चार्ज ॲज कलेक्टर’ हे शुद्ध, रूढ इंग्रजी आहे आणि त्यात बिचकण्यासारखे काहीच नाही. पण परदेशातल्या वाचकासाठी लिहिताना तीन जागी बदल करावा.

पहिली जागा ‘ॲडिशनल चार्ज’. आपल्याकडे तो अतिरिक्त कार्यभार. बाहेरचा वाचक तो जादा पैसे असा वाचेल. त्याला ‘ॲडिशनल रिस्पॉन्सिबिलिटी’ लिहिले की प्रश्न मिटतो. दुसरी जागा ‘इन्चार्ज’ हे नाम. ‘तो वॉर्डाचा इन्चार्ज आहे’ हे मराठीत आणि भारतीय इंग्रजीत चालते. ब्रिटिश वा अमेरिकी इंग्रजीत ‘द पर्सन इन चार्ज’ म्हणतात. तिसरी जागा ‘लाठीचार्ज’. हा शब्द भारतीय इंग्रजीने जगाला दिला आणि शब्दकोशांत तो आहे, तरी सामान्य ब्रिटिश वाचकाला ‘बॅटन चार्ज’ लवकर कळतो. मराठीत मला ‘लाठीमार’ अधिक आवडतो. छोटा आहे आणि बोलीत मुरलेला आहे.

आता याच पायरीवरचा खरा खड्डा. ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ यांत फक्त ‘द’चा फरक दिसतो, पण अर्थ पुरता उलटतो. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चिल्ड्रन’ म्हणजे मुलांची जबाबदारी नर्सकडे. ‘द चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ द नर्स’ म्हणजेही तेच, पण कर्ता बदलला: सांभाळणारा आधी की सांभाळला जाणारा आधी, हे ‘द’ सांगतो. दुसऱ्या वाक्यातला ‘द’ गाळला तर मुलेच नर्सवर देखरेख करत आहेत असा अर्थ होतो. उताऱ्यावरच्या प्रश्नांत हे हटकून विचारतात.

याच अर्थातून ‘हर यंग चार्जेस’ हा प्रयोग येतो. आया किंवा शिक्षिका आपल्या ‘चार्जेस’ना बागेत घेऊन गेली असे वाचले, तर तिच्या हवाली केलेली मुले, असे समजावे.

पायरी ५: कोर्टाच्या बातमीत पायऱ्यांचा क्रम सांभाळा

या अर्थावर थोडे थांबायला हवे, कारण इथे चुकीच्या शब्दाने माणसाची बदनामी होते.

भारतात फौजदारी प्रकरण साधारण असे पुढे सरकते. आधी गुन्हा दाखल होतो, म्हणजे एफआयआर. इंग्रजी वर्तमानपत्रे याला ‘बुक्ड’ म्हणतात. तपास संपला आणि पुरावा मिळाला की पोलीस न्यायालयात आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र सादर करतात. ही चार्जशीट. त्यानंतर न्यायालय कागदपत्रे पाहून ठरवते की कोणत्या कलमाखाली खटला चालवायचा. तेव्हा ‘चार्ज फ्रेम’ होतो, म्हणजे आरोप निश्चित होतात. मग साक्षीपुरावे आणि शेवटी निकाल. ‘कन्व्हिक्टेड’, म्हणजे दोषी, हा शब्द तिथे, अगदी शेवटी येतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली, पण हा क्रम तसाच आहे.

ब्रिटनमधल्या बातमीत ‘द मॅन वॉज चार्ज्ड’ असते तेव्हा पोलीस किंवा सरकारी अभियोग यंत्रणेने त्याच्यावर औपचारिक आरोप ठेवला, इतकेच घडलेले असते. न्यायालयाने आरोप निश्चित केले असेही त्यातून निघत नाही. मराठीत ‘त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला’ इथेच थांबावे. ‘प्रेस चार्जेस’ म्हणजे तक्रार पुढे रेटून कारवाईचा आग्रह धरणे, ‘ड्रॉप द चार्जेस’ म्हणजे आरोप मागे घेणे.

जुने निकाल वाचणाऱ्यांना आणखी एक अर्थ भेटतो. ज्यूरी, म्हणजे कौल देण्यासाठी नेमलेले सामान्य नागरिकांचे मंडळ, असलेल्या खटल्यात न्यायाधीश साक्षीपुराव्यांचा गोषवारा देऊन ज्यूरीला कायदा समजावून सांगतात. त्या समजावणीलाही ‘चार्ज’ म्हणतात. मुंबईतला नानावटी खटला हे त्याचे आपल्या ओळखीचे उदाहरण. १९५९ मध्ये ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘दोषी नाही’ असा कौल दिला, सत्र न्यायाधीशांनी तो अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. पुढे ज्यूरीला दिलेल्या ‘चार्ज’मध्ये चुकीचे मार्गदर्शन झाले होते का, यावर मोठा खल झाला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६१ मध्ये आला. तो वाचताना ‘मिसडायरेक्शन इन द चार्ज’ याचा अर्थ ‘आरोपातील चूक’ असा लावला तर सगळा युक्तिवादच हातून निसटतो.

पायरी ६: वीज आणि बॅटरी

१७४० च्या दशकात बेंजामिन फ्रँकलिन विजेचे प्रयोग करत होता. काचेच्या लेडन बरणीत वीज साठवत असत. बंदुकीत दारू भरावी तशी बरणी विजेने भरायची, म्हणून ‘चार्ज’ हा शब्द तिथे चपखल बसला. अशा अनेक बरण्या एकत्र जोडल्या तेव्हा त्याने तोफांच्या रांगेचे नाव, ‘बॅटरी’, त्यांना दिले. मोबाईलच्या खोक्यावरचे हे दोन्ही शब्द तोफखान्यातून आलेले आहेत. धन आणि ऋण प्रभार ही मांडणीही फ्रँकलिनचीच.

मराठीतून इंग्रजीत जाताना होणारी चूक अशी: ‘चार्जिंग नाही’ म्हणून ‘माय फोन हॅज नो चार्जिंग’. चार्जिंग ही भरण्याची क्रिया. आत असते तो चार्ज. म्हणून ‘माय फोन हॅज नो चार्ज’ किंवा सरळ ‘माय बॅटरी इज डेड’. ‘चार्जिंगला लाव’ याला ‘पुट इट ऑन चार्ज’ किंवा ‘प्लग इट इन’.

पायरी ७: हल्ला

लष्करात ‘चार्ज’ म्हणजे वेगाने तुटून पडणे. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा इथे ब्रिटिश लाईट ब्रिगेडच्या घोडेस्वारांनी रशियन तोफांवर केलेला हल्ला इंग्रजीत याच शब्दाने प्रसिद्ध आहे. सगळा भार शत्रूवर टाकणे, असे लक्षात ठेवले की हा अर्थही मुळाशी जोडला जातो. क्रिकेटच्या समालोचनात फलंदाज फिरकीपटूला ‘चार्ज’ करतो, म्हणजे क्रीज सोडून पुढे सरसावतो. जुन्या कथांतला ‘चार्जर’ हा लढाईचा घोडा असतो. विहिरीच्या खोदकामात किंवा खाणीत ‘चार्ज’ आला तर मराठीत ‘सुरुंगाचा बार’.

पायरी ८: ‘डिस्चार्ज’ला उलटा करून वाचा

‘चार्ज’ म्हणजे ओझे चढवणे, तर ‘डिस्चार्ज’ म्हणजे ते उतरवणे. दवाखान्यातून घरी सोडणे, बॅटरी उतरणे, कर्ज फेडणे, बंदुकीचा बार उडणे, कर्तव्य पार पाडणे, सगळे यात येते. पावसाळ्यात धरणातून सोडलेल्या पाण्याला मराठीत ‘विसर्ग’ म्हणतात आणि तो क्युसेकमध्ये मोजतात. इंग्रजीत तोही ‘डिस्चार्ज’.

कोर्टात पुन्हा सावध राहा. ‘डिस्चार्ज’ होतो तो आरोप निश्चित होण्याआधी: खटला चालवण्याइतका पुरावाच नाही म्हणून आरोपीला सोडतात. खटला चालून निकालात सुटला तर ‘ॲक्विटल’. मराठी वर्तमानपत्रे पहिल्याला ‘दोषमुक्त’ किंवा ‘आरोपमुक्त’ आणि दुसऱ्याला ‘निर्दोष मुक्तता’ म्हणतात. हा भेद पाळावा.

‘रिचार्ज’चे सोपे आहे: मोबाईलच्या पॅकला रिचार्जच म्हणा, विहिरीच्या आणि भूजलाच्या बाबतीत मात्र ‘पुनर्भरण’ हा चांगला शब्द तयार आहे.

पायरी ९: शब्दकोश कोणता आणि कसा वापरावा

मोठे ऐतिहासिक कोश, उदाहरणार्थ ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, अर्थ जुन्याकडून नव्याकडे मांडतात. तिथे पहिला अर्थ ओझ्याचा मिळेल आणि तो आज क्वचितच वापरात असेल. विद्यार्थ्यांसाठीचे ‘लर्नर्स’ कोश सर्रास वापरातला अर्थ आधी देतात. रोजच्या कामाला दुसरा प्रकार घ्यावा, अर्थांचे नाते समजून घ्यायला पहिला. कोश उघडण्याआधी शब्द नाम आहे की क्रियापद आणि पुढचा छोटा शब्द कोणता, हे पेन्सिलीने खुणावून ठेवा. मग निम्मी नोंद वाचायची गरजच राहत नाही.

सराव

उत्तर झाकून ठेवा आणि प्रत्येक वाक्यात कोणावर काय लादले आहे ते आधी सांगा.

‘द टस्कर चार्ज्ड ॲट द जीप.’ ‘ॲट’ आहे, म्हणून धावून जाणे: सुळेवाला हत्ती जीपवर चालून आला.

‘द कंपनी क्रिएटेड अ चार्ज ऑन इट्स मशिनरी.’ मालमत्तेवर कर्ज: कंपनीने यंत्रसामग्रीवर बोजा निर्माण केला.

‘द पॅनेल वॉज चार्ज्ड विथ इन्व्हेस्टिगेटिंग द फ्रॉड.’ इथे ‘फ्रॉड’ दिसल्यामुळे आरोपाकडे मन धावते, पण ‘विथ’च्या लगेच पुढे तपास करणे हे काम आहे. म्हणून: घोटाळ्याच्या तपासाची जबाबदारी समितीवर सोपवण्यात आली.

‘ही वॉज डिस्चार्ज्ड ऑन मंडे.’ या एकट्या वाक्याचे भाषांतर होत नाही. मागचे वाक्य मागून घ्या. दवाखान्याची गोष्ट चालू असेल तर ‘सोमवारी त्याला घरी सोडले’, न्यायालयाची असेल तर ‘सोमवारी तो दोषमुक्त झाला’, सैन्याची असेल तर ‘सोमवारी त्याला सेवेतून मुक्त केले’.